कापसांतील सरकी आणि टपालांतील कचरा

खामगांव म्हटलें कीं वऱ्हाडांतील मनुष्याच्या डोळ्यांसमोर प्रथम कापसाच्या गाड्यांची रांग येते, आणि मग चांदीच्या पेढ्या. दोन्ही धंद्यांत एक गोष्ट समान आहे. माल डोळ्यांना कितीही पांढरा दिसला, तरी त्यांत खरें किती व खोटें किती हें ठरविल्याखेरीज तेथें व्यवहार पुढें सरकत नाहीं. ज्या गांवाचें पोट दीडशें वर्षें या निवडीवर चाललें, त्याच्या इतिहासाच्या आधारानें आजच्या एका नव्या उपद्रवाचा विचार करावा, असें आम्हांस कांहीं दिवसांपासून वाटत होतें. तो उपद्रव म्हणजे ई-मेलमधून घरोघर येणारा कचरा. ज्याला जगभर ‘स्पॅम’ म्हणतात तो. आपल्याकडे कोणी त्याला रद्दी म्हणतात, पण तें आम्हांस पटत नाहीं. रद्दीला निदान शेरावर भाव तरी मिळतो!

या उपद्रवाचा विशेष असा, कीं तो सावकाश वाढत नाहीं. पत्रें अडविणारी चाळणी महिनोन् महिने नीट चालते; रोज एखाददुसरें पत्र निसटून आंत येतें, त्याची कोणी दखल घेत नाहीं. आणि एके दिवशीं सकाळीं पाहावें तों चाळीस-पन्नास पत्रें एकदम आंत येऊन बसलेलीं! कोणी लॉटरीचें बक्षीस देऊं करतो, कोणी औषध, कोणी बँकेच्या नांवानें धमकी. चाळणी तीच, पत्ता तोच. मग रात्रींतून झालें काय? प्रश्न नवा वाटतो, पण त्याची जात जुनी आहे.

इ. स. १८७० च्या मार्च महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आला. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला होता. त्यावरील जलंब स्टेशनापासून खामगांवापर्यंत आठ मैलांचा फांटा टाकण्यांत आला, तो उघडण्याचा हा समारंभ. आठ मैलांच्या फांट्यासाठीं हिंदुस्थानच्या सर्वाधिकाऱ्यानें एवढी वाट तुडवावी, याचें कारण खामगांवांत नव्हतें. तें लँकशायरच्या गिरण्यांत होतें. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत तिकडील कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्लंडचे डोळे लागले. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, १८७० च्या जून महिन्यांत समुद्राखालची तार मुंबईस येऊन भिडली, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानें तारेनें मागणी करावी व सुमारें सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तेथील धक्क्यावर उतरून घ्यावा, असे दिवस आले. पूर्वीं बैलांच्या तांड्यांवर घाटाखालीं माल नेण्यास जेवढा काळ लागे, तेवढ्यांत आतां तो अर्धें जग ओलांडूं लागला.

परंतु वाट सुगम झाली म्हणजे ती चांगल्याला जितकी सुगम होते तितकीच वाइटालाही होते. अमेरिकन युद्धाच्या दिवसांत भाव चढले त्याबरोबर भेसळही चढली. कापसांत सरकी राहूं देणें, पालापाचोळा व माती मिसळणें, पाणी शिंपडून वजन वाढविणें, लांब धाग्याच्या रुईंत आंखूड धाग्याची रुई दडविणें, हे प्रकार नवे नव्हते. पण ते एकाएकीं इतके माजले, कीं मुंबई सरकारला १८६३ सालीं कापसांतील लबाडीविरुद्ध नवा कायदा करून तपासनीस नेमावे लागले. तत्पूर्वीं १८२९ सालींही असाच कायदा झालेला होता. म्हणजे एका कायद्यानें लबाडी थांबली नाहीं, म्हणून दुसरा; आणि दुसराही पुढें कांहीं वर्षांनीं रद्द झाला. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं वाढ अचानक झाली ती शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा स्वभाव अचानक बिघडल्यामुळें नव्हे. लबाडी करण्यास पडणारा खर्च तोच राहिला आणि तिच्यापासून होणारा लाभ एकदम वाढला, एवढेंच झालें.

वऱ्हाडांत यावर जो उपाय निघाला तो तपासनिसाहून अधिक शहाणपणाचा होता, असें आमचें मत आहे. १८८६ सालीं कारंज्यास आणि पुढें १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यानें इतर ठिकाणीं नियंत्रित बाजार आले. बाजाराची जागा ठरलेली, अडते, दलाल व मापाडी परवान्याचे, देखरेखीस कमिटी. आंत येणारा प्रत्येक धागा तपासणें कोणालाच शक्य नव्हतें. पण आंत कोण आला, कोणाच्या मार्फत आला आणि उद्यां त्याला कोठें गांठावयाचें, हें माहीत असणें शक्य होतें. कापसाच्या बाजारांत ज्यांनीं पहाट काढली आहे त्यांना गाडीचा मामला ठाऊक आहे. गिऱ्हाईक गाडीच्या वरच्या थरांत हात घालतो, मूठभर कापूस काढून बोटांनीं ओढून पाहतो आणि भाव बोलतो. गाडी जिनांत रिकामी होते तेव्हां खालचा थर दिसतो, आणि मग कडत्यावरून तंटा सुरू होतो. नमुना पाहून संपूर्ण गाडीची परीक्षा करणें हा या धंद्यांतील नाइलाज आहे. आणि हात कोठें पडणार हें ज्याला आधीं कळलें, त्यानें तेथें चांगला कापूस ठेवावा हा त्यांतील धोका आहे. ई-मेलच्या चाळणीचा सगळा इतिहास या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

आतां तारेकडे वळूं. ज्या तारेनें खामगांवचा भाव विलायतेस कळूं लागला, तिच्याच पाठीवर बसून न मागितलेली जाहिरात प्रथम लोकांच्या दारीं आली. १८६४ च्या मे महिन्यांत लंडनमधील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांना, त्यांत पार्लमेंटचे सभासदही होते, रात्रीच्या वेळीं तारा आल्या. त्या काळीं तार म्हणजे मृत्यूची किंवा राजकारणाची वार्ता. घाबऱ्या हातांनीं लिफाफा फोडावा तों आंत काय? हार्ले स्ट्रीटवरील गॅब्रिएल नांवाच्या दंतवैद्यांचा दवाखाना अमुक ते अमुक वेळांत उघडा राहील, एवढेंच! एका संतापलेल्या गृहस्थानें ‘टाइम्स’ पत्राकडे तक्रार लिहून पाठविली, म्हणून ही हकीकत आज आपणांस ठाऊक आहे. मात्र तारेला पैसे पडत, आणि ते पाठविणाराला पडत. त्यामुळें ही खोड पसरली नाहीं. टपालाचेंही तेंच. १८५४ सालीं हिंदुस्थानांत अर्ध्या आण्याचें सरसकट टपाल सुरू झालें, १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय निघाली, १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड आलें. त्यांच्या आश्रयानें वशीकरणाच्या अंगठ्या आणि सर्व रोगांवरचीं एकच गुटिका खेड्यापाड्यांत जाऊन पोंचली, हें जुन्या मासिकांचीं शेवटचीं पानें चाळणारास सांगावयास नको. तरी प्रत्येक कार्डामागें पाव आणा खिशांतून जात होता. पाव आणा ही लहान चाळणी नव्हे.

संगणकांच्या टपालांतून नेमकी हीच चाळणी नाहींशी झाली. जोनाथन पोस्टेल नांवाच्या एका अमेरिकन विद्वानानें, ज्याच्याच हातून पुढें १८८२ नव्हे तर बरोबर शंभर वर्षांनंतर, १९८२ सालीं, ई-मेलच्या दळणवळणाचे नियम लिहिले गेले, त्यानें १९७५ सालींच एक टिपण काढून सावध केलें होतें: नको असलेलें टपाल न स्वीकारण्याची सोय या यंत्रणेंत नाहीं. त्या वेळीं ह्या जाळ्यावर असणारीं माणसें एकमेकांस ओळखणारीं होतीं, म्हणून टिपण टिपणच राहिलें. तीन वर्षांनीं, १९७८ च्या मे महिन्यांत, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचा विक्रेता गॅरी थुएर्क यानें आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारें चारशें जणांना एकदम पाठविली. ओरड झाली, पण कांहीं गिऱ्हाइकेंही मिळालीं. ‘स्पॅम’ हें नांव मात्र बरेंच पुढचें. तें मूळ डबाबंद मांसाचें. १९७० सालच्या एका इंग्रजी दूरचित्रवाणी प्रहसनांत खाणावळींतील प्रत्येक पदार्थांत तेंच तें येतें, त्यावरून हा अर्थ निघाला. १९९४ सालीं अमेरिकेंतील दोन वकिलांनीं तेथें वास्तव्याचा परवाना मिळवून देण्याची आपली जाहिरात हजारों चर्चामंडळांत एकदम टाकली, तेव्हांपासून तें नांव सर्वतोमुखीं झालें. आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें; म्हणजे आपणांस ही वाट मिळाली ती चोरांसह मिळाली.

मग चाळण्या आल्या. पहिली चाळणी बहिष्काराची. १९९७ सालीं पॉल व्हिक्सी यानें कुप्रसिद्ध पत्त्यांची यादी चालविली. यादींतील यंत्राकडून आलेलें पत्र कोणीच घ्यावयाचें नाहीं. पंक्तींतून उठविण्याची ही आपल्याकडील जुनीच शिक्षा. दुसरी चाळणी शब्दांची. अमुक शब्द असेल तर पत्र वाईट, असे नियम प्रथम हातांनीं लिहीत. पण १७६३ सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या टॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या निबंधांत संभवाचें जें गणित आहे, तें १९९८ च्या सुमारास कांहीं संशोधकांनीं या कामीं लावून पाहिलें, आणि २००२ च्या ऑगस्टमध्यें पॉल ग्रॅहॅमच्या एका लेखानें त्याचा सर्वत्र बोलबाला केला. गणिताचें तत्त्व सोपें आहे. तुमच्या चांगल्या पत्रांत ‘बक्षीस’ हा शब्द किती वेळां येतो आणि कचऱ्यांत किती वेळां, हें मोजून ठेवावें. तसेंच प्रत्येक शब्दाचें. नवें पत्र आलें कीं त्यांतील शब्दांचीं हीं वजनें एकत्र करून तें कोणत्या ढिगांतलें असावें हें ठरवावें. खामगांवच्या अडत्याच्या पत्रांत ‘गांठ’, ‘क्विंटल’, ‘आवक’ हे शब्द नित्य येणार; म्हणून त्याच्या चाळणीस ते खरेपणाचे साक्षी वाटतील. दुसऱ्या गांवच्या वैद्याच्या चाळणीस तसें वाटणार नाहीं. प्रत्येकाची चाळणी त्याच्या त्याच्या टपालावर वाढते, हें तिचें बळ. ग्रॅहॅमनें आपल्या प्रयोगांत हजारांतून पांचांहूनही कमी पत्रें निसटल्याचें व एकही खरें पत्र न अडकल्याचें लिहिलें. २००४ च्या जानेवारींत बिल गेट्सनें दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल असें भाकीत केलें, तें याच उत्साहाच्या भरांत.

दोन वर्षांनीं, २००६ सालीं, काय झालें? चाळण्या एकदम फसल्या. कचरा पाठविणारांनीं शब्द लिहिणेंच सोडलें; सगळा मजकूर चित्रांत रंगविला आणि खालीं कोठल्यातरी पुस्तकांतील निरुपद्रवी परिच्छेद जोडून दिला. चाळणी अक्षरें वाचते. चित्र तिला आंधळ्याच्या आरशासारखें. तिनें परिच्छेद वाचला, तो सज्जन वाटला, पत्र आंत सोडलें. गाडीच्या वर चांगला कापूस, खालीं काय तें जिनांत कळेल! चित्रांत बहुधा एखाद्या कवडीमोल कंपनीच्या शेअरची भलावण असे; लोकांनीं शेअर घ्यावे, भाव चढावा आणि पाठविणारानें आपले विकून मोकळें व्हावें. चाळणीला चित्रांतील अक्षरें वाचण्यास शिकविलें, तेव्हां त्यांनीं चित्रावर ठिपके आणि रेघोट्या ओढल्या. आणि या सर्वांत त्यांना एक मोठी सवलत होती: बऱ्याच चाळण्या उघड्या मिळत. पत्र पाठविण्यापूर्वीं तें तीच चाळणी लावून घरींच पाहतां येई. अडलें तर दोन शब्द बदलावे, पुन्हां लावावें. सुटलें कीं कोट्यवधि प्रती रवाना. ‘रात्रींतून झालें काय’ या प्रश्नाचें उत्तर बहुतेक वेळां हेंच असतें. रात्रींतून चाळणी बिघडलेली नसते. रात्रींतून कोणालातरी तिचें भोंक सांपडलेलें असतें, आणि एकाला सांपडलें कीं तें सर्वांना विकलें जातें.

या प्रती पाठविणार कोण? आपणच. पाठविणाराचीं स्वतःचीं यंत्रें थोडीं. तो हजारों लोकांच्या घरगुती संगणकांत चोरवाटेनें शिरतो आणि त्यांच्याकडून धन्याच्या नकळत पत्रें पाठवून घेतो. अशा फौजा चालविणारांची ठाणीं कॅलिफोर्नियांतील मॅककोलो नांवाच्या एका कंपनीच्या आश्रयानें होतीं. ११ नोव्हेंबर २००८ रोजीं तिला जाळ्यापासून तोडण्यांत आलें, आणि जगांतील कचरा-टपाल एका दिवसांत निम्म्याहूनही खालीं आलें. अनेकांनीं हा विजय मानला. कांहीं महिन्यांत तें पुन्हां पहिल्या पातळीकडे चढलें.

त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं अशा एका फौजेंत शिरून हिशेब पाहिला. सुमारें पस्तीस कोटि पत्रांमागें विक्रीचे प्रयत्न झाले अवघे अठ्ठावीस! कोणताही खामगांवचा व्यापारी या आंकड्यावर धंदा बंद करील. पण पत्राला पाव आणाही पडत नसेल, तर अठ्ठावीस गिऱ्हाइकेंही नफ्याचीं ठरतात. बाकीच्या चौतीस कोटि नव्व्याण्णव लाखांचा वेळ कोणाच्या खात्यावर लिहावयाचा, हें त्या हिशेबांत नसतें. पुढें २०११ सालीं याच मंडळींनीं दुसरी गोष्ट दाखविली, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. पत्रें कोट्यवधि, फसवीं दुकानें हजारों. पण या औषधांचे व नकली मालाचे पैसे वटविणाऱ्या बँका इतक्या थोड्या, कीं पंचाण्णव टक्के व्यवहार अवघ्या तिघींमधून जात होते. रस्त्यावर प्रत्येक गाडी अडविण्यापेक्षां बाजाराच्या दारांत, जेथें पैसा हातांतून हातांत जातो तेथें, पहारा ठेवावा, हें वऱ्हाडच्या १८९७ च्या कायद्याचेंच शहाणपण नव्हे काय?

आणि मार्क्याची गोष्ट राहिली. १९२५ सालीं हिंदुस्थान सरकारनें जिनिंग-प्रेसिंगचा कायदा केला, त्यांत प्रत्येक गांठीवर प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे असें ठरविलें. गांठ मुंबईस फुटो कीं मँचेस्टरास, आंत भेसळ निघाली तर ती कोणत्या प्रेसमधून बांधून निघाली हें सांपडावें. त्याआधीं १९२३ सालच्या कापूस वाहतुकीच्या कायद्यानें चांगल्या कापसाच्या मुलखांत हलका कापूस परवान्यावांचून नेण्यास बंदी करण्याची सोय झाली होती. ई-मेलच्या जगांत नेमकी हीच दिशा ऐंशी वर्षांनीं धरली गेली. पाठविणारा जो पत्ता सांगतो तो खराच त्याचा आहे का, हें मूळ नियमांत कोणी विचारतच नसे. कोणीही कोणाच्याही नांवें पत्र टाकावें. २००६ ते २०१५ या काळांत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नांवांच्या तीन व्यवस्था लिहून प्रसिद्ध झाल्या. पहिली सांगते कीं या पेढीचीं पत्रें अमुक यंत्रांतूनच निघतील. दुसरी पत्रावर फोडतां न येणारी मोहोर करते. तिसरी सांगते कीं मोहोर नसेल तर तें पत्र ठेवावें, बाजूस काढावें कीं परत लावावें. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं दिवसांत पांच हजारांहून अधिक पत्रें धाडणारांस हीं तिन्ही सक्तीचीं केलीं. मार्का म्हणजे शुद्धता नव्हे, हें मात्र विसरूं नये. भेसळ करणाराही आपला मार्का रीतसर काढून घेतो. मार्क्यामुळें एवढेंच होतें कीं दुसऱ्याच्या मार्क्यावर त्याला भेसळ विकतां येत नाहीं. आणि व्यापारी पेढीला खरी भीति याचीच असते. नेहमींच्या अडत्याच्या नांवें पत्र यावें, ‘आमचें बँकेचें खातें बदललें आहे, पैसे नव्या खात्यांत भरावे’, आणि हंगामाची रक्कम परक्याच्या घशांत जावी, हा कचरा नव्हे, दरोडा होय.

आपल्या देशांत दूरध्वनीवरील जाहिरातींसाठीं नियम आहेत. २०१० च्या व नंतर २०१८ च्या नियमांनीं दूरसंचार प्राधिकरणानें १९०९ या क्रमांकावर नको म्हणण्याची व तक्रारीची सोय केली. ई-मेलचें तसें नाहीं. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें आलेल्या ६६-अ या कलमांत उगम लपवून त्रास देणाऱ्या ई-मेललाही शिक्षा होती. पण तें कलम इतकें सैल होतें, कीं त्याच्या जाळ्यांत कचरा पाठविणारांपेक्षां मत मांडणारे अधिक सांपडले, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें रद्द केलें. चाळणीचीं भोंकें लहान करण्याच्या नादांत धान्यच अडवावें, अशांतला तो प्रकार होता. त्याबद्दल हळहळ करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

घरगुती वाचकास एवढेंच सांगावयाचें, कीं कचरा एकाएकीं वाढला म्हणजे तो नुसता पुसून टाकूं नये. ‘स्पॅम’ म्हणून खूण करून टाकावा. पुसल्यानें चाळणी कांहीं शिकत नाहीं, खुणेनें शिकते. मराठी पत्रांच्या बाबतींत तर हें अधिकच. कारण ज्या भाषेचें टपाल चाळणीनें थोडें पाहिलें, त्या भाषेंतील लबाडी तिला उशीरां ओळखूं येते, आणि २०२२ नंतर जीं लिहिणारीं यंत्रें निघालीं त्यांच्यामुळें लबाडाचें मराठी आतां पूर्वींसारखें मोडकें राहिलेलें नाहीं. अनोळखी पत्रांतील ‘आमचीं पत्रें बंद करा’ या दुव्यास हात लावूं नये. त्यानें पत्ता जिवंत असल्याची पावतीच मिळते. ज्यांचें टपाल स्वतःच्या यंत्रावर चालतें, अशा पेढ्यांनीं बहिष्काराच्या याद्या अजून उत्तर देत आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें. विचारणा नाकारली गेली तर चाळणी निमूटपणें सर्वांस आंत सोडूं लागते. आणि आठवड्यांतून एकदां कचऱ्याची टोपली उलथून पाहावी. जिनांतून बाहेर पडणाऱ्या सरकीवर थोडी रुई चिकटून जातेच. तशी एखाद्या मुलाखतीचें बोलावणें, एखाद्या परगांवच्या मुलीचें पत्र त्या टोपलींत पडलेलें असतें, आणि तीस दिवसांनीं तें बहुतेक ठिकाणीं आपोआप नाहींसें होतें.